ओपलच्या अंगणातला दगड

ही गोष्ट ओपल ट्रॅक्सलरची आहे. ती स्वतः कुणाला सांगायची नाही. मी सांगतेय, त्यात माझा काही मोठेपणा नाही, ते पुढं कळेलच.

आमच्या हेमलॉक रन गावात ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बाजार भरतो. बंब बाहेर काढून रस्त्याकडेला उभे करतात आणि आत टेबलं मांडतात. गेली चौदा वर्षं ओपलचं आणि माझं टेबल शेजारी शेजारी असतं. माझ्याकडे सफरचंदं दिवसभर आटवून केलेला मुरंबा आणि लोणच्याच्या बरण्या. ओपलकडे तिनं हातानं केलेले दागिने आणि घर सजवायच्या वस्तू. सगळं पानगळीचं आणि हॅलोविनचं. बाकी अकरा महिने तिच्याकडे विकायला काही नसतं.

ओपलनं सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. तीनशे पोरांची मॅकरोनी ढवळून तिचे दंड एखाद्या गवंड्यासारखे झालेत. नवरा रोलिन घरांवर छपरं घालायचा, आता गुडघ्यांमुळे घरीच असतो. एकुलती एक मुलगी लग्न करून ॲरिझोनात गेली. तिकडे वाळू आणि निवडुंग, पानगळ कसली ती नाही. पहिल्या वर्षी मुलगी फोनवर रडली, म्हणाली, आई, मला मेपलची लाल पानं बघायचीत. ओपलनं चांगली वीस-पंचवीस पानं वेचून पाकिटात घालून पाठवली. पोचेपर्यंत त्यांचा भुगा झाला. मग ओपल खटपटीला लागली. पानं वर्तमानपत्रात दाबून सुकवायची, वितळलेल्या मेणात बुडवून काढायची. त्यानं रंग टिकला, पण पान वाकलं की तुटायचंच. शेवटी कुठूनतरी तिनं पानावर तांब्याचा मुलामा चढवायची रीत शिकून घेतली. गॅरेजमध्ये काचेच्या भांड्यात निळं पाणी, त्यात पान, आणि बॅटरीच्या वायरी. रोलिन म्हणायचा, "ही एक दिवस घर उडवणार." घर उडालं नाही. मुलीला तांब्याचं पान साखळीत घालून गेलं, तिनं ते गळ्यात घातलं, आणि ओपलला नाद लागला.

पुढं ओकच्या छोट्या फळांची, टोपीसकट, कानातली आली. मक्याच्या सालींची गोल तोरणं, दुधी भोपळे पोखरून केलेले दिवे, तारेची वटवाघळं, काळ्या मण्यांचे कोळी. ओकची फळं भट्टीत मंद आचेवर भाजून घ्यावी लागतात, हे तिला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं. बाजारात एका बाईनं कानातलं हातात घेतलं आणि त्यातून पांढरी अळी बाहेर आली. बाई किंचाळली. ओपल लाजेनं लालबुंद झाली आणि मी हसून हसून टेबलाला धरून बसले. त्या दिवसापासून आमची मैत्री.

आमच्यात वाटणीच ठरून गेली होती. हात तिचे, जीभ माझी. गिऱ्हाइकाशी बोलायचं झालं की ओपल माझ्याकडे बघायची. वस्तूंवर चिठ्ठ्या लावायच्या असत, त्यावरचा मजकूरही मीच सुचवायची. लोक चिठ्ठ्या वाचून हसायचे आणि वस्तू घ्यायचे.

पाच-सहा वर्षांपूर्वी तिनं अंगणात लावायचे खोटे थडग्याचे दगड करायला घेतले. घराच्या भिंतीत थंडीसाठी घालतात तो गुलाबी फोम आणायचा, कमानीसारखा कापायचा, तापलेल्या सळईनं अक्षरं कोरायची, मग बाहेरच्या भिंतीचा करडा रंग. वरून भुशात हिरवा रंग कालवून शेवाळं. चार पावलांवरून बघितलं तर खऱ्या दगडाशिवाय दुसरं काही वाटायचं नाही. हॅलोविनला पोरं भुताखेतांचे कपडे घालून दारोदार खाऊ मागत फिरतात, तेव्हा अशा दगडांमधून वाट काढत दारापर्यंत यायला त्यांना मजा वाटते. ओपलचं अंगण बघायला शेजारच्या गावातून लोक गाड्या काढून यायचे. दगडांवर गमतीची नावं आणि एखादी ओळ असायची. ती ओळ मी द्यायची.

गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता. ओपलच्या गॅरेजमध्ये आम्ही कॉफी पीत बसलो होतो. एक दगड रंगवून तयार होता, नुसताच कोरा.

"फर्न, ह्यावर काय घालू?" तिनं विचारलं. "नेहमीचंच नको. लोक वाचून पुढं जातात. काहीतरी आपल्या गावातलं सांग."

समोर खिडकीतून डंकलांचं घर दिसत होतं, मर्ल आणि त्याची बायको इनेझ यांचं. मर्ल डंकल पाणीखात्यात मीटर वाचायचा, त्याला निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली होती. माणूस सरळ, पण गावात त्याची ख्याती कंजूष म्हणून. कुणाचा नळ गळत असेल तर दार ठोठावून सांगायचा, आणि हॅलोविनच्या संध्याकाळी बरोबर सहा वाजता ओसरीचा दिवा घालवायचा. दिवा बंद म्हणजे खाऊ नाही, हे गावातल्या तान्ह्या पोरालाही कळतं. त्यांच्या घरापुढून जाताना पोरं मुद्दाम पाय आपटत जायची.

मी कॉफीचा घोट घेतला आणि म्हटलं, "लिही. इथे झोपलाय मर्ल डंकल. दिवा बंद करूनच गेला."

ओपलला कळायला थोडा वेळ लागला. मग ती हसली. मग मी हसले. रोलिन आत आला, त्याला सांगितलं, तोही हसला.

"त्याला वाईट वाटेल का गं?" ओपल म्हणाली.

"मर्लला? उलट फुकटात नाव झालं म्हणून खूश होईल."

तिनं त्याच दिवशी अक्षरं कोरली. सुरेख कोरली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो दगड तिच्या अंगणात अगदी पुढं, रस्त्याच्या बाजूला उभा राहिला. लोखंडी सळया जमिनीत ठोकून पक्का बसवला होता. पुढचे काही दिवस गावात तोच विषय. लोक थांबून फोटो काढत होते. पोस्टात, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर मला कुणीतरी अडवून म्हणायचं, "ओपलनं काय लिहिलंय बघितलंस का?" आणि मी म्हणायची, "बघितलं." ओळ माझी आहे, हे माझ्या जिभेच्या टोकावर असायचं. तेव्हा मला ते मिरवायचं होतं. ओपलकडे श्रेय जातंय म्हणून आत थोडं खुपतही होतं. आता ते आठवलं की माझीच मला किळस येते.

साधारण दहा दिवसांनी मर्ल स्वतः दगड बघायला आला. ओपल तेव्हा पायरीवर बसून तोरणाला मक्याच्या साली बांधत होती. दुपारी चांगलं ऊन होतं तरी त्यानं जाड कोट घातला होता, आणि तो कोट त्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. ओपलला ते दिसलं, पण तिनं त्याचा काही अर्थ लावला नाही. म्हातारी माणसं बारीक होतात.

तो दगडापुढं उभा राहिला आणि मीटर वाचावा तसा वाकून वाचत राहिला. मग अक्षरांवरून बोट फिरवलं.

"कोरलंय छान," तो म्हणाला.

"फोम आहे हो. दगड नाही."

"ते कळलं. पावसात टिकतं का?"

"बाहेरचा रंग दिलाय. तीन-चार वर्षं सहज टिकेल."

"बरंय." त्यानं कोटाची कॉलर वर केली. "इनेझला नाही आवडलं."

ओपल उठून उभी राहिली. "मर्ल, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर आत्ता काढते. खरंच काढते."

"नको. आता लावलंयस ना. राहू दे." आणि तो रस्ता ओलांडून घरी गेला. ओलांडताना मध्ये एकदा थांबला.

त्या संध्याकाळी ओपलनं मला फोन केला. "फर्न, मला बरं वाटत नाहीये. काढून टाकू का गं?"

"तो हसला ना?"

"हसला असं नाही म्हणता येणार."

"मग रागावला?"

"तसंही नाही."

"मग कशाला काढतेस? राहू दे म्हणाला ना तोंडानं? अगं, त्या दगडाचा फोटो टेबलावर ठेव बाजाराच्या दिवशी. लोक आपापल्या नावाचे दगड करून मागतील. पुढचं वर्षभर तुला काम पुरेल."

ती "बरं" म्हणाली. ओपलचं असं आहे, तिला एखादी गोष्ट आतून पटत नसली तरी बोलता येत नाही, आणि मला बोलता येतं.

बाजाराचा शनिवार उजाडला. हॉल भरून गेला होता. ओपलनं काळ्या कापडावर तांब्याची पानं मांडली होती, मागं तोरणं टांगली होती, आणि मधोमध चौकटीत त्या दगडाचा फोटो. अकरा वाजेपर्यंत सात जणांनी नावं नोंदवली. एक बाई आपल्या नवऱ्यासाठी दगड मागत होती, आणि मी तिला काय ओळ घालावी हे सुचवत होते. तेवढ्यात चर्चमधली बर्निस आत आली. तिच्या कोटाची बटणं खालीवर लागली होती.

"मर्ल डंकल गेला," ती म्हणाली. "सकाळी. घरीच."

त्या गिऱ्हाईक बाईचं लक्ष नव्हतं. ती फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "अगदी अस्संच काहीतरी हवंय."

"काय झालं?" मी बर्निसला विचारलं.

"कॅन्सर. स्वादुपिंडाचा. उन्हाळ्यातच कळलं होतं म्हणे. दोघांनी कुणाला सांगितलं नाही."

मी ओपलकडे बघितलं.  तिनं हात पुढं केला, फोटो पालथा घातला, आणि पर्स घेऊन निघाली. मी तिच्याबरोबर जायला हवं होतं. मी गेले नाही. दोन टेबलं कोण सांभाळणार, असं मी स्वतःला सांगितलं.

ओपल घरी पोचली तेव्हा गल्लीत गाड्यांची रांग लागली होती. बायका झाकलेली भांडी घेऊन डंकलांच्या दाराकडे चालल्या होत्या. आणि समोर, रस्त्याच्या कडेला, तो दगड. प्रत्येक जण त्याच्यापुढून जात होता आणि मान वळवत होता. ओपल गाडीतून उतरली आणि सगळ्यांच्या देखत दगड उपटायला लागली. सळया पक्क्या होत्या. तिनं जोर लावला तसा फोम मधोमध मोडला. मर्लचं नाव तिच्या हातात आलं आणि खालची ओळ जमिनीतच उभी राहिली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि उरलेला भाग तुकड्या-तुकड्यानं काढू लागली. गुलाबी कण सुटले. वारा होता. कण उडून रस्त्यापलीकडे, डंकलांच्या कुंपणाच्या झुडपात जाऊन अडकले. ओपल रस्ता ओलांडून गेली आणि ते एकेक कण वेचत राहिली. तासभर तरी वेचत होती. भांडी घेऊन येणाऱ्या बायकांनी तिला ओळख दिली नाही.

हॉलमध्ये मला चार-पाच जणांनी विचारलं, "तो मर्लचा दगड ओपलचाच ना?" मी म्हटलं, "बिचारीला फार वाईट वाटतंय." एवढंच म्हटलं. खोटं काही बोलले नाही.

अंत्यविधीला ओपल आली. सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाआड बसली. मी तिच्यापुढं दोन ओळी सोडून बसले होते. संपल्यावर इनेझ दारात उभी राहून सगळ्यांशी हात मिळवत होती. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई, डोळे कोरडे. ओपलची पाळी आली. 

इनेझच म्हणाली, "माझा ओटा खिडकीशी आहे. भांडी घासायला उभी राहिले की तेच दिसायचं. तेवीस दिवस."

मोठ्यानं नाही, सपाट आवाजात म्हणाली. मग तिनं मागच्या माणसाशी हात मिळवला. तो मागचा माणूस म्हणजे मी. इनेझनं माझा हात हातात घेतला, म्हणाली, "आलीस, बरं केलंस, फर्न." मी म्हणाले, "देव तुम्हाला बळ देवो." माझ्या तोंडून हे अगदी सहज निघालं.

गावानं ओपलला सोडलं नाही. किराणा दुकानात एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "ओपल, माझ्या नावाचा दगड करू नकोस हं, मला नातवाचं लग्न बघायचंय." ज्यांनी दगडापुढं उभं राहून फोटो काढले होते, तेच आता "असं कुणी करतं का" म्हणत होते. बाजारात नावं नोंदवणाऱ्या सातही जणांनी निरोप पाठवले, आम्हाला नको. ओपलनं उरलेले सगळे दगड मोडून गोणीत भरले. गॅरेजला कुलूप लावलं. रविवारी चर्चला जायचं बंद केलं. रोलिन मला म्हणाला, "ती ताटातलं खाणं इकडून तिकडं करत बसते. तू बोल तिच्याशी."

मी गेले. तिला म्हटलं, "ओपल, ओळ माझी होती. मी सांगते लोकांना."

ती म्हणाली, "काय उपयोग? कोरलं मी. अंगण माझं. तू कशाला स्वतःला त्यात ओढतेस?"

मी दोनदा आग्रह करायला हवा होता. एकदाच केला. तिनं नको म्हटल्यावर मला हायसं वाटलं, आणि हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी ओपलनं गॅरेज एकदाच उघडलं. डंकलांच्या दारात एक मेपल आहे, मर्लनं लावलेला. त्याचं वाऱ्यानं आलेलं एक पान तिनं उचललं, त्यावर तांबं चढवलं, मागं पिन लावली. तिनं आजवर केलेलं सगळ्यात देखणं काम ते. पानाची शीर न् शीर दिसत होती. छोट्या डबीत घालून ती इनेझकडे गेली.

इनेझनं डबी उघडली, बघितलं, आणि झाकण लावून परत दिली.

"मला नको. बाजारात ठेव, कुणीतरी घेईल."

"इनेझ, हे मर्लच्या झाडाचं..."

"कळलं मला कशाचं आहे ते. तुला काहीतरी देऊन मोकळं व्हायचंय. मी तुला मोकळं करायला बसलेली नाही."

ओपल डबी घेऊन घरी आली. तिनं मला हे सांगितलं तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, "ती बरोबर बोलली, फर्न. मी तेवढ्यासाठीच गेले होते."

हिवाळा गेला. रोलिन दुखऱ्या गुडघ्यांनिशी डंकलांच्याही दारातलं बर्फ न सांगता उपसायचा. इनेझ खिडकीतून बघायची, नको म्हणायची नाही, आभारही मानायची नाही.

एप्रिलमध्ये एक दिवस इनेझ कपडे वाळत घालत होती. ओपल कुंपणाशी जाऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं.

"मी वाईट वागले," ती म्हणाली. "लोकांनी हसावं म्हणून तुमच्या नवऱ्याचं नाव वापरलं. तो येऊन उभा राहिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं थोडं. तरी काढलं नाही."

इनेझनं चिमटा लावला. "हो. वाईट वागलीस."

तिनं आणखी एक कपडा दोरीवर टाकला. मग इनेझ म्हणाली, "त्या दिव्याचं सांगते तुला. मला अर्धशिशी आहे, चाळीस वर्षं झाली. दाराची घंटा चार वेळा वाजली तरी मी दोन दिवस अंथरुणात. म्हणून तो दिवा घालवायचा. मी म्हणायची, अहो, सांगा ना लोकांना, माझ्यासाठी आहे म्हणून. तर म्हणायचा, लोकांना काय करायचंय तुझ्या डोक्याशी. म्हणू देत मला कंजूष."

 टोपलीत एक ओली चादर उरली होती. इनेझनं तिचं एक टोक उचललं आणि दुसरं ओपलकडे केलं, आणि दोघींनी मिळून ती पिळली.

त्यानंतर दोघींत गोडवा आला म्हणावं, तर तसं नाही. इनेझ हवं तेव्हा बोलायची, नको तेव्हा पडदा ओढून घ्यायची. ओपलनं पडदा बघितला की ती परत फिरायची. उन्हाळ्यात तिनं पुन्हा थोडं काम सुरू केलं, कानातली आणि पानं, बस्स. कुठल्याही वस्तूवर अक्षर म्हणून नाही. चिठ्ठ्यासुद्धा नाहीत.

ऑक्टोबर आला आणि इनेझच तिच्या दारात आली. पायरीवरूनच म्हणाली, "पुढच्या आठवड्यात वर्ष होईल. त्याच्या थडग्यावर ठेवायला एक तोरण करून दे. त्यावर काही लिहू नकोस."

ओपल चार दिवस त्यावर बसली. मक्याच्या साली, गव्हाच्या लोंब्या, सुकलेली रानफळं, एक नारिंगी फीत. इनेझनं ते हातात घेऊन फिरवून बघितलं आणि फीत ओढून काढली. "नारिंगी त्याला सोसायचं नाही," म्हणाली, आणि फीत ओपलच्या हातात ठेवली. मग म्हणाली, "मला गाडी चालवून ने."

दफनभूमीत पोचल्यावर ओपल गाडीतच बसून राहिली. इनेझनं तिला ये म्हटलं नाही आणि तिनं विचारलं नाही. टेकडीवर इनेझ बराच वेळ पाठमोरी उभी होती. मग ती खाली आली, काचेवर टकटक केली आणि म्हणाली, "वारा आहे. उडून जाईल. तार आहे का तुझ्याकडे?" डिकीत तार होती. ओपल उतरली. दोघी वर गेल्या. ओपलनं तोरण तारेनं पक्कं बांधलं आणि बांधताना दगडावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. नजर तारेवरच ठेवली.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "तिनं कधी विचारलं नाही, ती ओळ कुणाची म्हणून?"

"विचारलं होतं. मी डबी घेऊन गेले होते तेव्हाच."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, हात माझे होते."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी इनेझकडे जायला निघाले. सवयीनं मुरंब्याची बरणी उचलली, आणि ती डबी आठवून परत फळीवर ठेवली. इनेझनं जाळीचं दार अर्धं उघडलं.

"इनेझ, त्या दगडावरची ओळ माझी होती. ओपलची नाही. मीच सांगितली आणि काढू नको असंही मीच सांगितलं."

ती म्हणाली, "माहीत आहे मला."

"ओपलनं सांगितलं?"

"ओपल कशाला सांगेल? तीस वर्षं माझ्या समोर राहते. तिला जन्मात एक विनोद धड सांगता आलेला नाही, शेवट आधी सांगून टाकते. मर्लनं वाचलं त्याच दिवशी घरी येऊन म्हणाला, हे फर्नचं काम आहे."

माझे कान तापले. "मग तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत."

"तू येशील म्हणून थांबले होते." तिनं दाराची कडी हातात धरली. "तिला सहा महिने लागले. तुला वर्ष लागलं, फर्न."

तिनं दार आपटलं नाही, हळूच लावलं. मला बस म्हणाली नाही. मी ओसरीच्या पायऱ्या उतरले. समोर ओपल गॅरेजच्या दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं असावं.

मी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेले.

"सांगितलंस?" तिनं विचारलं.

"हो."

"मग?"

"तिला माहीत होतं. दोघांनाही. पहिल्या दिवसापासून."

 "म्हणजे मी वर्षभर उगीचच तुझं नाव झाकत..." ती म्हणाली आणि थांबली.

मला तिच्याकडे बघवेना. तिच्या बोटांना मेण लागलं होतं. ते ती नखानं खरवडत राहिली, आणि मी तिच्या अंगणात उभी राहून ते बघत राहिले.